मराठीत मागितलेलं पाणी

अंगात ताप असताना माझ्या मुलीनं पाणी मागितलं आणि मी ते देऊ दिलं नाही. पाणी घरात होतं. माठ भरलेला होता, पेला माझ्या बायकोच्या हातात होता आणि मी मध्ये उभा होतो. मुलगी तेव्हा चार वर्षांचीही नव्हती. तिनं पाणी मराठीत मागितलं, एवढाच तिचा गुन्हा.

हे मी घराबाहेर कधी सांगितलेलं नाही. नातेवाइकांत माझी ओळख मुलीच्या शिक्षणासाठी झटलेला बाप अशी आहे. एखाद्या लग्नात कुणीतरी आपल्या नातवाला हाताला धरून माझ्यासमोर आणतं आणि त्याच्या आईबापांना म्हणतं, "यांना विचारा. लखनौसारख्या ठिकाणी कॉन्व्हेंटमध्ये ॲडमिशन मिळवली यांनी, ती पण ओळखीशिवाय." मी मान डोलावतो, दोन-चार सूचनाही देतो. नंतर हात धुवायला म्हणून उठतो आणि आरशात बघत नाही.

मी रेल्वेत इंजिनिअर. मूळचा सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लखनौला बदली झाली तेव्हा मुलगी अजून मांडीवर होती. आम्ही तिथल्या महानगर नावाच्या वस्तीत एका घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला, कपूरथला बाजारापासून चालत जाण्याइतका जवळ. ऑफिसात हिंदी आणि इंग्रजी, बाजारात हिंदी, आणि घरात आमची मराठी.

घरातली मराठी म्हणजे खरं तर बायकोची मराठी. मी संध्याकाळी दमून यायचो, फारसा बोलायचो नाही. ती मात्र दिवसभर मुलीशी बोलत असायची. पीठ चाळताना बोलायची, भाजी निवडताना बोलायची. "आता आपण मेथी निवडू. हे पान चांगलं, हे किडकं. किडकं कुणाला देऊ? गायीला देऊ. गाय कुठाय? बघ गॅलरीतून." पोर गॅलरीच्या गजांत तोंड खुपसून गाय शोधायची आणि परत येऊन सांगायची, "आई, गाय नाई. कुत्ला हाय." मग कुत्रा मेथी खातो का, यावर दोघींची चर्चा. मुलीला कोवळं आणि जून यातला फरक कळायचा, ओलं आणि दमट यातला कळायचा. तिला मूठभर आणि चिमूटभर माहीत होतं. हे शिक्षण आहे असं मला कुणी तेव्हा सांगितलं असतं, तर मी हसलो असतो.

मला शिक्षण म्हणजे काय वाटत होतं, तेही सांगतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्गात उभं राहून इंग्रजीतून उत्तर देताना माझी बोबडी वळली आणि मागच्या बाकावरून कुणीतरी बैलाला हाकतात तसा आवाज काढला. तो आवाज माझ्या कानातून गेलाच नाही. नोकरी लागली, बढती मिळाली, तरी वरिष्ठांच्या खोलीत शिरताना तो आधी ऐकू यायचा. मुलीच्या वाट्याला तो येऊ नये, एवढंच मला हवं होतं. हे कारण खरं आहे. पण कारण खरं आहे म्हणून मी जे केलं ते कमी घाणेरडं होत नाही.

खालच्या मजल्यावर एक बँक अधिकारी राहायचे. त्यांचा मुलगा आमच्या मुलीच्याच वयाचा. एका रविवारी ते चहाला वर आले आणि मुलीला बघून म्हणाले, "बिटिया, वॉट इज युवर नेम?" मुलगी त्यांच्याकडे बघून म्हणाली, "तुमी बिस्कुट खा ना." मला ते आज किती गोड वाटतं. तेव्हा माझे कान तापले.

"भाई साहब," ते खाली जाता जाता मला जिन्यात म्हणाले, "इंटरव्यू में मराठी बोलेगी तो सिस्टर क्या समझेंगी? हमने तो घर में हिंदी तक बंद कर दी है, यार. अम्मा गाँव से आई थीं, उनको भी बोल दिया, अम्मा, या तो अंग्रेज़ी, या चुप." आणि ते मोठ्यानं हसले. मीही हसलो. त्यांच्या अम्मांची मला कीव आली नाही. मला ती युक्ती वाटली.

त्याच आठवड्यात मी घरात नियम केला. मुलीशी मराठी बोलायचं नाही. तिनं मराठीत काही मागितलं तर द्यायचं नाही, इंग्रजीत मागेपर्यंत थांबायचं. 'आई' नाही, 'मम्मी'.

बायको कणीक मळत होती. हात तसेच परातीत ठेवून तिनं विचारलं, "मग मी काय बोलू तिच्याशी?"

"येतं तेवढं इंग्रजी बोल."

"माझं इंग्रजी एसटीच्या पाटीएवढं. तेवढ्यावर पोर वाढतं होय?"

"मग कमी बोल. थोड्या महिन्यांचा तर प्रश्न आहे."

तिनं कणीक पुन्हा मळायला घेतली. "बरं," ती म्हणाली, "तुम्ही शिकलेले." त्यातला टोमणा मला कळला होता. मी तो होकार म्हणून घेतला.

मी कामाला लागलो. ऑफिसात ड्रॉइंगवर अक्षरं काढायची स्टेन्सिल होती, ती घरी आणली आणि जाड कागदाच्या पट्ट्या कापून घरभर इंग्रजी नावं चिकटवली. डोअर, फॅन, फ्रिज, चेअर, मिरर. मुलीला वाचता येत नव्हतं, पण मी तिला कडेवर घेऊन रोज संध्याकाळी पाहणीला निघावं तसा घरभर फिरायचो. पट्टीवर बोट ठेवायचं, तिनं म्हणायचं. चुकली की पुन्हा. रुळाची पाहणी करताना मी तेवढाच काटेकोर असायचो, आणि मला त्याचा अभिमान होता.

एकदा ऑफिसातले दोघे सहकारी घरी आले असताना मुलीनं फ्रिजची पट्टी काढली आणि चहा घेऊन आलेल्या आईच्या पदराला चिकटवली. ते दोघे पोट धरून हसले. "सर, मैडम तो फ्रिज हो गईं!" बायको ट्रे धरून उभी होती, पट्टी काढायला तिचा हात मोकळा नव्हता. मीही हसलो. कितीतरी वेळ हसलो.

मग कोचिंग सुरू झालं. हो, नर्सरीच्या मुलाखतीचं कोचिंग. बाजारात एका मिठाईच्या दुकानावर एक खोली होती, तिथं एक मॅडम तीन-चार वर्षांच्या पोरांना तयार करायच्या. जिन्यात खालच्या कढईतल्या जुन्या तुपाचा वास आणि वर फिनाईलचा. खोलीत सतरंजीवर पोरं ओळीनं मांडलेली, मांडलेली हाच शब्द. कुणाचं नाक वाहतंय, कुणी चड्डीत केलंय आणि ते सांगायला त्याला इंग्रजी वाक्य आठवत नाहीये. खुंटीला एकच टॉवेल. सगळी तोंडं त्याच टॉवेलानं पुसली जायची, आणि एकदा त्याच टॉवेलानं एका पोराची उलटी पुसलेली मी पाहिली. दुसऱ्या दिवशी मी मुलीला पुन्हा तिथंच सोडलं.

आम्ही बाप लोक दाराशी उभे राहून ऐकायचो. मॅडम एका पोराला लाकडी सफरचंद दाखवत होत्या. "बेबी, व्हॉट कलर इज द ॲपल?" पोरगं बराच वेळ विचार करून म्हणालं, "हमारे यहाँ वाला तो हरा था." त्याच्या बापानं दारातच कपाळावर हात मारला. मॅडमनी पोराचा कान दोन बोटांत पकडला, पिळला नाही, फक्त पकडला, आणि गोड आवाजात म्हणाल्या, "घर में होगा हरा. इंटरव्यू में ॲपल रेड ही होता है, हाँ?" सगळ्या खोलीनं म्हटलं, "ॲपल इज रेड." त्यात माझ्या मुलीचा आवाज सगळ्यात स्वच्छ होता. मी शेजारच्या बापाकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं. घोड्यांच्या बाजारात माणसं एकमेकांच्या घोड्यांकडे बघतात तशी आमची नजर होती.

आणि घरात काय चाललं होतं? बायको गप्प झाली होती. कामवालीशी तिच्या मोडक्या हिंदीत बोलायची, माझ्याशी कामापुरतं, आणि मुलीशी हातवाऱ्यांनी. बोट दाखवायचं, मान हलवायची. "कम. ईट. नो." एवढंच. मेथी आता ती एकटी निवडायची. मुलगी जवळ येऊन बसायची, थोडा वेळ वाट बघायची आणि उठून जायची.

बायकोनं एकच चोरी केली. एका सकाळी मला न्हाणीघरातून आवाज आला. नळ पूर्ण सोडलेला, बादली भरून वाहत होती आणि त्या पाण्याच्या आवाजाआड ती बोलत होती. "हा हात कुणाचा? आणि हा पाय? ह्या पायानं कुठं जायचं? मामाच्या गावाला जायचं. तिथं म्हैस हाय. म्हैस काय करते?" मुलगी खिदळत होती. तिचं तसं खिदळणं मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं, हे मला त्या क्षणी जाणवलंही होतं. तरी मी दारावर टकटक केली. काही बोललो नाही, फक्त टकटक केली. आत नळ बंद झाला. त्यानंतर मुलीची अंघोळ मुकाट होऊ लागली. म्हैस काय करते, ते त्या दिवशी राहूनच गेलं.

पावसाळा संपला की लखनौत डासांचा ताप येतो. दिवाळीच्या थोडं आधी मुलगी तापली. दुपारची वेळ, रविवार होता. बायको कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती. मी खुर्ची ओढून बसलो होतो. आठवडाभर मुलीच्या तोंडून एकही मराठी शब्द आला नव्हता आणि मी ते मनात मिरवत होतो.

तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आई, पाणी."

बायको उठली, माठातून पेला भरून आली. मी हात आडवा घातला. "थांब. तिला येतं. ती म्हणेल."

"अहो, ताप आहे तिला."

"मला दिसतंय. आज सोडलं तर सगळं मुसळ केरात."

मग मी मुलीवर वाकलो. "व्हॉट डू यू वॉन्ट?"

"पाणी."

"नो. व्हॉट डू यू वॉन्ट?"

"पानी," ती म्हणाली. कामवालीकडे मागायची तसं. तिला वाटलं असेल, ही भाषा चालेल. तिच्या ओठांवर पांढरं कोरडं आलं होतं. ते मी पाहिलं. मी पाहिलं नाही असं मला कधीच म्हणता येणार नाही. मी मान हलवली.

तिनं आईकडे बघितलं. आई पेला धरून उभी होती. मग मुलीनं भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, झोपली. बायको काहीतरी बोलायला गेली, मी तिला नजरेनं गप्प केलं. आणि मग भिंतीकडूनच आवाज आला, अगदी बारीक. "वॉटर प्लीज."

मी टाळ्या वाजवल्या.

तापलेल्या पोराच्या उशाशी बसून मी दोन्ही हात तोंडासमोर धरून टाळ्या वाजवल्या आणि म्हणालो, "व्हेरी गुड! व्हेरी गुड गर्ल!" ती उठून बसली, दोन्ही हातांनी पेला धरला आणि घटाघटा प्यायली. इतक्या घाईनं प्यायली की सगळं उलटून आलं. चादरीवर, बायकोच्या मांडीवर, माझ्या बाहीवर. मी किळसून मागे सरलो. माझ्या स्वतःच्या लेकीची उलटी, नुसतं पाणीच होतं ते, आणि मी बाही झटकत म्हणालो, "ओह नो! से सॉरी."

"सॉरी," मुलगी म्हणाली.

त्या दिवशी त्या घरात माफी मागितली गेली, ती तिच्याकडून. बायकोनं चादर बदलली, मुलीचं तोंड आपल्या पदरानं पुसलं. मला ती काही म्हणाली नाही. तिचं गप्प राहणं मला तेव्हा सोयीचं होतं.

मुलाखत थंडी ओसरताना झाली. आईबापांनीही यायचं होतं. मी बायकोला बजावून ठेवलं होतं, फक्त हसायचं, विचारलं तर मी बोलेन. सिस्टरांची खोली स्वच्छ होती, खिडकीत गुलाब होते. मुलगी पढवल्याप्रमाणे सगळं बोलली. ॲपल रेड, ग्रास ग्रीन, गाय दूध देते, बाबा इंजिनिअर आहेत. मी खुर्चीत बसून ओठ न हलवता तिच्याबरोबर म्हणत होतो.

मग सिस्टरांनी बायकोला विचारलं, घरी तुम्ही हिच्याबरोबर काय काय करता? बायको हसली. मी म्हणालो, माझी पत्नी जरा लाजाळू आहे. सिस्टर समजूतदारपणे मुलीकडे वळल्या. "अँड व्हॉट डज मम्मी टेल यू?"

हा प्रश्न कोचिंगमध्ये नव्हता. मुलीनं छताकडे बघितलं. तिला जेवढं इंग्रजी दिलं होतं त्यातून तिनं शब्द शोधले, आणि ते बरोबर सापडले. "मम्मी इज नॉट टॉकिंग."

सिस्टर हसल्या. "सच अ क्लियर चाइल्ड," त्या म्हणाल्या. मीही हसलो. बायकोला ते इंग्रजी कळलं होतं. एसटीच्या पाटीएवढ्या इंग्रजीतही तेवढं कळतं. ती तशीच हसत बसली होती, कारण मी तिला हसायला सांगून आणलं होतं.

नाव लागलं. मी लाडू आणले, शेजारीपाजारी वाटले. खालच्या बँक अधिकाऱ्यांच्या मुलाचं लागलं नव्हतं. त्यांनी लाडू घेतला, "मुबारक हो, भाई साहब," म्हणाले आणि दार जरा लवकर लावलं. मला त्याचाही आनंद झाला, हे लिहिताना लाज वाटते, पण झाला.

त्या संध्याकाळी बायकोनं लाडवाचा रिकामा डबा घासताना मला विचारलं, "आता बोलू का मी तिच्याशी?"

पोटच्या पोरीशी बोलायची परवानगी तिनं माझ्याकडे मागितली. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "इतक्यात नको. नर्सरीत पाया पक्का होऊ दे."

पाया म्हणजे उभ्या रेघा आणि आडव्या रेघा. चार वर्षांची पोर वहीभर स्टँडिंग लाइन आणि स्लीपिंग लाइन काढायची, मग एका अक्षराची पानंच्या पानं. पुढच्या वर्षी जोडून लिहायचं अक्षर. पहिलीच्या पुस्तकात कुटुंबाचा धडा होता. त्यात आई स्वयंपाक करते, बाबा ऑफिसला जातात, असं लिहिलेलं. मुलीनं तो पाठ केला आणि पूर्ण गुण मिळवले. आमच्या घराचं वर्णन म्हणून त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. आई स्वयंपाक करते. बोलते असं कुठं लिहिलं होतं?

पाया पक्का झाला असं मला वाटलं तोवर मुलगी पहिलीत होती. मी बायकोला म्हणालो, आता बोल हवं तेवढं. तिनं मेथी घेतली, मुलीला हाक मारली, "ये बाई, निवडायला. हे पान कसं दिसतंय बघ."

मुलगी आली, ऐकलं आणि वैतागून म्हणाली, "मम्मी, ठीक से बोलो ना."

बायकोनं पान खाली ठेवलं. मग हिंदीत म्हणाली, "कुछ नहीं. जा, खेल." शाळेत इंग्रजी, मैत्रिणींत हिंदी, माझ्याशी इंग्रजी, आणि आईशी जेवढ्यास तेवढी हिंदी, हीच मुलीची वाटणी झाली. मराठी तिला अर्धीमुर्धी कळायची, आजोळहून फोन आला की. उत्तर हिंदीत. बायकोनंही मग हट्ट सोडला. ती हिंदी शिकली, थोडं इंग्रजीही शिकली. पण ज्या भाषेत ती विनोद करायची, भांडायची, कुत्र्याला मेथी खायला घालायची, त्या भाषेत तिला घरात ऐकणारं कुणी राहिलं नाही. मी होतो. पण मी कधी ऐकलं होतं?

अशी काही वर्षं गेली. मुलगी नऊ वर्षांची असताना एका जानेवारीत धुक्यानं आणि थंडीनं शाळांची सुट्टी वाढली. दुपारी ऊन पडलं की सगळं महानगर गच्चीवर येतं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आलो, तर वरून मुलीचा आवाज येत होता. टीचर-टीचर चाललं होतं. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबलो.

मुलीच्या हातात फूटपट्टी, गळ्यात आईचा स्कार्फ, डोळ्यांवर माझा जुना चष्मा नाकाच्या टोकाला. समोर चटईवर विद्यार्थिनी म्हणून तिची आई बसलेली, मांडी घालून, हाताची घडी घालून. शेजारी शेंगांची टरफलं. बायको खेळात रमली होती. "टीचर, यह बच्ची पढ़ती नहीं है," ती स्वतःबद्दलच तक्रार करत होती, आणि मुलगी कडक चेहऱ्यानं म्हणत होती, "चुप! हम देख रहे हैं."

तेवढ्यात बायकोला शेंगदाण्याचा ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं, छातीवर हात ठेवून ती खोकली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "पाणी दे गं."

पेला मुलीच्या बाजूला कठड्यावर होता. मुलीनं तो उचलला, आणि मागे धरला.

"ऐसे नहीं. ठीक से माँगो."

बायको खोकत होती, हसतही होती. हात पुढे केला. मुलीनं फूटपट्टी आडवी धरली. "व्हॉट डू यू वॉन्ट?"

"वॉटर प्लीज," बायको म्हणाली.

मुलीनं पेला दिला आणि दोन्ही हात तोंडासमोर धरून टाळ्या वाजवल्या. "व्हेरी गुड! व्हेरी गुड गर्ल!"

तशा टाळ्या आमच्या घरात एकच माणूस वाजवतो. मला वाटलं, कुणीतरी माझाच मळका शर्ट काढून माझ्या पोरीला घातलाय. पेला ओठांशी नेताना बायकोला मी दिसलो. तिचं हसू थांबलं. मग ती मुलीला म्हणाली, "थैंक्यू, टीचर," आणि पाणी प्यायली.

नंतर मी मुलीला विचारलं, हा खेळ कुठं शिकलीस? "कहीं नहीं, पापा," ती म्हणाली, "टीचर तो ऐसी ही होती है."

त्या आठवड्यात मी दोन-तीनदा बायकोकडे गेलो आणि दुसरंच काहीतरी बोलून परतलो. ऑफिसात दिवसातून कितीदा तरी सॉरी म्हणतो मी. ते जिभेवरून घसरतं. पुढच्या रविवारी सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात उन्हाला बसून मटार सोलत होती. मी समोर पाट घेऊन बसलो, एक शेंग उचलली आणि म्हणालो, "सॉरी."

"कशाबद्दल?"

"तेव्हाचं. तापातलं. पाण्याचं."

तिच्या हातातली शेंग उघडली, दाणे पातेल्यात पडले. "इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्ही विसरलात," ती म्हणाली. "ते मला नका सांगू. मी पण उभीच राहिले पेला घेऊन. तुम्हाला ढकलून द्यायचं होतं, दिलं नाही. माझं मी बघेन. तुम्ही तिला सांगा."

"तिला आठवत नाही."

"हाताला आठवतंय की तिच्या." मग ती म्हणाली, "आणि ते तुमचं सॉरी नको. ते तिच्याकडून म्हणवून घेतलंत. तुम्ही मराठीत सांगा."

"तिला कळणार नाही."

"कळेल असं सांगा. लहान पोराला सांगतात तसं. तुम्हाला ते कधी जमलं नाही, पण बघा आता."

तिनं मुलीला हाक मारली. मुलगी आली, आमच्या मध्ये बसली आणि कच्चे मटार तोंडात टाकू लागली. मी सुरुवात केली. "हे बघ, तू लहान असताना तुझ्या भल्यासाठी म्हणून माझ्या हातून जे काही घडलं..."

मुलगी आईकडे वळली. "पापा क्या बोल रहे हैं?"

आईनं मान वर केली नाही. मटार सोलत राहिली.

माझ्या शाळेतलं पहिलीचं पुस्तक मला आठवलं. एका ओळीत दोन-तीन शब्द, मोठ्या टायपात. त्याहून जास्त मराठी माझ्या मुलीकडे नव्हती, आणि ती मीच काढून घेतली होती. मी वाक्यं तोडली.

"तू लहान होतीस," मी म्हणालो. तिनं मान हलवली, हे कळलं.

"तुला ताप होता."

"हाँ, बुखार."

"तू पाणी मागितलंस. आईनं आणलं. मी देऊ दिलं नाही."

तिचं चावणं थांबलं. तिनं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुला उलटी झाली. मी तुला सॉरी म्हणायला लावलं." मी वाक्य लांबवलं नाही. "तुझं चुकलं नव्हतं. माझं चुकलं. आईचं बोलणं मी बंद केलं. ते पण माझं चुकलं. मला माफ कर."